धाकटीचे डोहाळे आणि घरचा आइस्ड माचा

माझी धाकटी बहीण जपानात नागोयाला असते, तीन वर्षं झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असं आईचं पहिल्यापासून म्हणणं, म्हणून 2025 च्या 26 मार्चला ती सांगलीला आली. चोविसावा आठवडा होता, सोबत तिकडच्या डॉक्टरांचं प्रवासाचं पत्र, सोनोग्राफीच्या फायली, आणि इतक्या तासांच्या विमानानं पाय सुजलेले. चार दिवसांनी पाडवा, 30 मार्च. श्रीखंड-पुरी वाढून झालेली, सगळे जेवतायत, आणि ही हळूच म्हणाली, "आई, मला काय प्यावंसं वाटतंय सांगू? बर्फ घातलेला गोड माचा."

आईनं माझ्याकडं बघितलं. डोहाळे म्हणून कैरी, चिंचा, ओल्या नारळाच्या करंज्या असं सगळं आईनं मनात ठरवून ठेवलेलं, पण हे तिच्या यादीत नव्हतं. माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची पावडर एवढं मला माहीत होतं, चव माहीत नव्हती. धाकटी तिकडं ऑफिसातून घरी जाताना रोज एक ग्लास घ्यायची. मी विचारलं अगं मग येताना डबा का नाही आणलास, तर म्हणाली पहिल्या तीन महिन्यांत त्या वासानंच मळमळायचं, घरात होता तो डबा शेजारणीला देऊन टाकला, आणि आता सातव्यात येता येता अचानक तोच हवा झालाय, रात्री स्वप्नात पण येतो.

मी तिला म्हटलं, करते. कसं ते मला माहीत नव्हतं. पुढचे तीन आठवडे त्यात गेले आणि शोधताना मला जे व्हिडिओ मिळाले ते सगळे एका मिनिटात संपणारे, त्यांच्याकडं सगळं सामान आधीच असतं. आमच्यासारख्या गावात, त्यात गरोदर बाईसाठी करायचं तर कुठून सुरू करायचं हे कुणीच सांगत नव्हतं, म्हणून मी सगळं क्रमानं लिहून काढतेय.

सुरुवात डॉक्टरांपासून केली आणि ते बरं झालं. माचा म्हणजे चहाचं पानच, गाळून टाकायचं नाही, अख्खं पान पावडर होऊन पोटात जातं, त्यामुळं कॅफिन असणारच. 2 एप्रिलला तिची शुगरची तपासणी तशीही ठरलेली होती. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, लॅबचे 300 रुपये. ते दोन तास बाकड्यावर बसून काढावे लागतात, मध्ये काही खायचं नाही, फार चालायचं नाही, आणि ते गोड पाणी काहींना उलटून येतं, म्हणून सोबत एक माणूस आणि लिंबाची फोड हुंगायला ठेवा. (लिंबू चोखू नका, फक्त हुंगा.) संध्याकाळी रिपोर्ट मिळाला, 112. आमच्याकडं 140 च्या आत असलं की ठीक धरतात. तो घेऊन डॉक्टर मॅडमकडं गेलो. मला वाटलं सरळ नाही म्हणतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की दिवसाचं सगळं कॅफिन धरून 200 मिलिग्रॅमच्या आत राहायचं, 2 ग्रॅम माचात साधारण 40 ते 90 मिलिग्रॅम असतं, पावडरीप्रमाणं बदलतं, तेव्हा एक दिवसाआड एक ग्लास चालेल पण त्या दिवशी सकाळचा चहा बंद. आणि लोहाची गोळी आणि हे जवळजवळ घ्यायचं नाही, चहानं पण आणि दुधानं पण लोह नीट शोषलं जात नाही, मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. आम्ही गोळी रात्री जेवणानंतर आणि माचा दुपारी चारला असं ठरवून टाकलं. हे तिचे रिपोर्ट बघून तिला सांगितलेलं आहे, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

मग पावडर. सांगलीत मी चार मोठ्या दुकानांत विचारलं, एकाकडं ग्रीन टीच्या पुड्या होत्या, माचा नव्हता. 4 एप्रिलला ऑनलाइन मागवला, 50 ग्रॅम 449 रुपये, फोटोत पावडर पोपटी हिरवी. 8 तारखेला पार्सल आलं. पाकीट उघडलं आणि मला वासावरूनच कळलं काहीतरी चुकलंय, सुकलेल्या वैरणीसारखा वास होता.

आता इथं माझं काम उपयोगी पडलं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघते, अकरा वर्षं झाली. हळदीची पावडर बघायची आमच्याकडं एक साधी रीत आहे, चिमूट घ्यायची, पांढऱ्या कागदावर ठेवायची आणि बोटानं दाबून ओढायची. चांगली असेल तर रेघ सलग उमटते आणि रंग कागदाला धरतो, भरड असेल तर कण कण मागं राहतात. मी या हिरव्या पावडरीची रेघ ओढली. पिवळट, मळकी, शेवाळी रेघ, आणि बोटाला बारीक रव्यासारखं लागत होतं. धाकटी शेजारी उभी होती, तिनं बघितलं आणि काही बोलली नाही, फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. पाकिटाच्या मागं घटकांत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ग्रीन टी पावडर. म्हणजे साधी ग्रीन टी दळलेली.

फरक काय ते तिनं त्या रात्री नीट सांगितलं. नागोया ज्या आयची प्रांतात आहे तिथंच निशिओ नावाचं गाव आहे, माचासाठीच प्रसिद्ध, क्योतोजवळचं उजी जसं तसं. तोडणीआधी तीन-चार आठवडे चहाची झाडं झाकून ठेवतात, सावलीत ठेवल्यानं पान जास्त हिरवं होतं आणि कडूपणा कमी राहतो. मग पानं वाफवायची, वाळवायची, देठ आणि शिरा काढून टाकायच्या, उरतं त्याला तेन्चा म्हणतात, आणि तो दगडी जात्यावर दळायचा. एका जात्यावर तासाला 30-40 ग्रॅमच निघतो. मला हे ऐकून लगेच पटलं, कारण हळद दळताना गिरणी तापली की वास उडतो, आमचे शेठ त्यावरून गिरणीवाल्याशी कायम भांडतात. तिकडं जातं इतकं सावकाश फिरवण्यामागं हेच, तापू द्यायचं नाही. मग एवढा डबा महाग का असतो ते मला कुणी वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

पहिल्या पाकिटाची तक्रार केली. तीन फोटो मागितले, मग बॅच नंबर, मग पॅकिंगची तारीख, मग पाच दिवस काहीच नाही, आणि शेवटी उत्तर आलं की खाण्याची वस्तू आहे, पाकीट उघडलंय, परत घेता येणार नाही. 449 गेले. मन खट्टू झालं, पैशापेक्षा पण ती रोज विचारत नव्हती याचं जास्त. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. तेव्हा तुम्ही घेताना फोटोवर जाऊ नका, घटक वाचा, तिथं फक्त माचा किंवा तेन्चा असं हवं, कुठल्या गावचा ते लिहिलेलं हवं, पॅकिंगची तारीख बघा, अन्नसुरक्षेच्या परवान्याचा, एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर बघा आणि बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता चिकटवलेला असतोच, तो नसेल तर सोडून द्या. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा.

9 एप्रिलला मुंबईच्या एका आयातदाराकडं निशिओचा 30 ग्रॅमचा डबा दिसला, 1,380 रुपये, पण स्टॉक नाही. यात त्यांचाही दोष नव्हता, 2024 च्या शरदापासून जगभर मागणी एवढी वाढली होती की क्योतोतल्या जुन्या चहाच्या दुकानांनीसुद्धा एका गिऱ्हाइकाला किती द्यायचा यावर मर्यादा घातली, आणि वर्षाची पहिली तोडणी एप्रिल अखेर ते मे, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला माल सगळ्यात कमी. मी ईमेल टाकून ठेवला. 11 ला रात्री सव्वानऊला मेल आला की स्टॉक आलाय, एका माणसाला एकच डबा. मी भाकरी तव्यावर असताना गॅस बंद करून ऑर्डर टाकली. कुरियरचे 80 वेगळे. मग शनिवार, रविवार, सोमवारी 14 एप्रिल आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळं डबा मुंबईतून 15 ला निघाला आणि 17 ला दुपारी दारात. ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार होता आणि मी दुकानात, आईला फोनवर सहा आकडे तीनदा सांगितले. पार्सल मागवताना जो माणूस घरी असतो त्याचाच नंबर द्या.

मधल्या दिवसांत मी रिकामी बसले नव्हते. तिकडं ज्याला चासेन म्हणतात ती बांबूची फेसणी नऊशेच्या पुढं होती, धाकटी म्हणाली ताई दुधातल्या माचाला ती नसली तरी चालतं, पारंपरिक पद्धतीनं नुसत्या पाण्यात करायचा तर घेऊ. मी आधी ताकाची छोटी रवी वापरून बघितली, पण अर्ध्या वाटीहून कमी पाण्यात रवी बुडतच नाही. शेवटी गणपती पेठेतून सेलवर चालणारी कॉफी फेसायची काडी घेतली, 180 रुपये, आणि बारीक जाळीची चहाची नवी गाळणी 60 ला. जुनी गाळणी घेऊ नका, तिला चहाचा वास असतो. आणि त्या वैरणीच्या वासाच्या पावडरीवर मी रोज संध्याकाळी सराव केला, गुठळ्या न होऊ देण्याचा. ते पाकीट त्या कामाला आलं.

17 ला संध्याकाळी डबा उघडला. आत चांदीची पुडी, कात्रीनं कापली, आणि त्या हिरव्याला काय म्हणू, पाऊस पडून गेल्यावर भाताच्या तरव्याचा जो रंग असतो तो. कागदावर रेघ ओढली तर टाल्कम पावडरीसारखी गुळगुळीत, सलग. वासाला किंचित गोडूस, शिजवलेल्या पालकासारखा पण त्याहून हलका. धाकटीनं पुडी नाकाजवळ धरली आणि डोळे मिटले. मळमळलं नाही. मी त्याचीच वाट बघत होते.

पहिला ग्लास तरी बिघडलाच. उकळतं पाणी घातलं, कडू झाला, आणि पावडर न चाळता टाकल्यानं हिरव्या गुठळ्या वर तरंगल्या, फोडली की आत कोरडी पावडर. दोन घोट घेऊन म्हणाली, "अजून नाही गं ताई." दुसऱ्या दिवशी चाळून घेतली. पिठल्याला बेसन कसं आधी थोड्या पाण्यात गुळगुळीत कालवून घेतो आणि मग सैल करतो, अगदी तसंच करायचं, एकदम सगळं पाणी घालायचं नाही. आणि पाणी 80 अंशांच्या आसपास हवं. घरात थर्मामीटर नव्हता, मी युक्ती केली ती अशी, तीन चमचे उकळतं पाणी आणि एक चमचा माठातलं, बरोबर तेवढ्यावर येतं. कडूपणा निम्म्यानं कमी झाला.

गोडाचं वेगळंच. गार दुधात साखर विरघळत नाही, शेवटच्या घोटाला तळाशी सगळी दाताखाली येते. मला वाटलं गूळ घालू, आपल्याकडचा गूळ एवढा चांगला, तर 19 ला गुळाचं पाणी करून घातलं. चव वाईट नव्हती पण माचा त्यात हरवला आणि रंग शेणकट झाला. मग साधा पाक, एक वाटी साखर एक वाटी पाणी, तार वगैरे काही बघायची नाही, साखर विरघळली आणि एक उकळी आली की उतरवायचा, गार करून बाटलीत भरून फ्रिजमध्ये. आठवडा आरामात राहतो, आमचा दहा दिवस राहिला.

20 ला दूध आडवं आलं. आमच्याकडं म्हशीचं दूध येतं, दाट, त्याची साय बर्फावर गोठून गोळे झाले आणि चवीवर पण तेच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून गायीचं दूध घेतलं, नीट उकळलं, गार करून साय काढून, गाळून फ्रिजमध्ये ठेवलं. गरोदरपणात कच्चं दूध नको, बाहेरचा बर्फ पण नको. बर्फ घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा, आणि ट्रेवर झाकण पाहिजे, आमच्या फ्रीजरमध्ये वाटलेल्या आलं-लसणाचा डबा होता, बर्फाला त्याचा वास लागला होता हे मला चौथ्या ग्लासाला कळलं. पहिल्या चार ग्लासांचे तिनं दोन-दोन घोटच घेतले, बाकीचे मी आणि आईनं संपवले. आईला चौथा आवडला. तिनं तसं सांगितलं नाही, पण ग्लास धुवायला ठेवायच्या आधी बोटानं फेस पुसून खाल्लेला मी बघितला.

22 एप्रिल, मंगळवार, बाहेर ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले होते. एक सपाट चहाचा चमचा माचा, म्हणजे साधारण 2 ग्रॅम, गाळणीतून स्टीलच्या उभ्या पेल्यात चमच्याच्या पाठीनं दाबून चाळला. पाणी आधी दोन चमचे, काडीनं लापशीसारखं केलं, मग उरलेलं, सगळं मिळून 40 मिली. वीस सेकंद फेसलं, बारीक फेस आला. काचेच्या उंच ग्लासात चार चहाचे चमचे पाक, वर 150 मिली गार दूध, ढवळलं, ग्लास काठोकाठ बर्फानं भरला, आणि वरून हिरवा हळूहळू बर्फावर धरून सोडला. गोड दूध जड असतं ना, म्हणून हिरवा वरच राहतो. आधी वर घट्ट हिरवा, खाली पांढरंशुभ्र, आणि मधून धुरासारख्या हिरव्या वेली सावकाश खाली उतरत गेल्या, बर्फाच्या खड्यांना वळसा घालत. बर्फ वितळणार हे धरून हिरवा घट्टच करायचा, सुरुवातीला थोडा जास्त वाटला तर पाणी वाढवू नका.

तिनं ढवळलं नाही, काठानंच प्यायली. एक घोट, मग दुसरा. मग ग्लास गालाला लावून बसली. मी विचारलं, झालाय का? तर डोळ्यांत पाणी, म्हणाली, "ताई, तिथं सगळं होतं गं, पण तिथं पिताना सांगली आठवायची." आई आतून येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मला पुढं काही बोलवेना, मी पाकाची बाटली आत ठेवायला गेले आणि फ्रिज उघडा ठेवून तशीच उभी राहिले.

डबा उघडल्यावर तो घट्ट बंद करून फ्रिजमध्येच ठेवा, उजेड आणि हवा लागली की रंग उतरतो. पण काढल्यावर लगेच उघडू नका, दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग, नाहीतर गार डब्यात दमट हवा जाऊन पावडर ओलसर धरते. खर्च म्हणाल तर डबा कुरियरसकट 1,460, त्यात 15 ग्लास, म्हणजे दूध-साखर धरून ग्लासाला 110 च्या आसपास. काडी आणि गाळणी 240 एकदाच. वाया गेलेले 449 मी यात धरत नाही.

डोहाळजेवण अक्षय तृतीयेला, 30 एप्रिलला धरलं होतं. 27 चा रविवार सगळ्यांना सोयीचा होता पण अमावस्या, आई ऐकणार नव्हती. मधल्या दिवसांत एक दिवसाआड तिचा ग्लास चालू होता, 24, 26, 28. 30 ला सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलं तर डब्यात 14 ग्रॅम शिल्लक. बायका बावीस येणार. मोठ्यांसाठी कैरीचं पन्हं केलेलंच होतं, मग मी ठरवलं की 2 ग्रॅमचा पूर्ण ग्लास धाकटीचा, आणि पन्ह्याच्या छोट्या पेल्यांत एकेक ग्रॅमचे दहा, ज्यांना हवा त्यांना. माचा आधी फेसून ठेवू नका, बसतो आणि रंग काळवंडतो, पाक घातलेलं दूध मात्र दोन तास आधी करून ठेवलं तरी चालतं. मी दूध आणि बर्फ तयार ठेवला आणि ओटी भरून झाल्यावर पाच-पाच ग्रॅम दोन वेळेला फेसला, एका वेळेला 100 मिली पाण्यात. लाईट गेली होती, काडी सेलवर चालते म्हणून अडलं नाही.

हिरवी साडी, हिरवा चुडा, मोगऱ्याची वाडी, झोपाळ्याला आंब्याची पानं, आणि तिच्या हातात हिरवा ग्लास. आमची कोल्हापूरची मोठी मामी, एकाहत्तर वर्षांची, तिनं पेला हातात घेऊन उजेडाला धरला, घोट घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "कडूच आहे की गं पोरी, पण मागनं गोड लागतंय." पेला संपवला आणि पन्हं नको म्हणाली. दहाच्या दहा पेले गेले.

सगळ्या बायका गेल्यावर साडेसहाला धाकटी झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसली होती, ग्लासात तळाशी राहिलेला बर्फ वाजवत. शेवटचं वितळलेलं हिरवं पाणी प्यायली, ग्लास माझ्या हातात दिला.

"परवा चारला?"

डब्यात 2 ग्रॅम उरले होते. ते मी सकाळीच वेगळे काढून पुडी बांधून ठेवली होती.